हाय-ओलिक सोयाबीन आपल्याकडे का पेरलं जात नाही? पेरलं तर जास्त भाव मिळेल का?

प्रश्नाखालचा तुमचा खुलासा वाचला. चुलतभाऊ अमेरिकेतून सांगतो की तिकडे तळणीच्या तेलासाठी वेगळं, म्हणजे तेलात ओलिक आम्ल जास्त असलेलं (हाय-ओलिक) सोयाबीन पेरतात, त्याला वर पैसे देतात, आणि तुम्ही मात्र लातूरकडे अजून जेएस-३३५ आणि फुले संगम हे नेहमीचे वाणच पेरताय. वरच्या एका उत्तरात कोणीतरी ठोकून दिलंय की "आपले शास्त्रज्ञ झोपलेत". त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले, नाहीतर या साइटवर मी फक्त वाचते.

मी शास्त्रज्ञ नव्हते. मराठवाड्यातल्या एका खासगी बियाणे कंपनीच्या संशोधन प्रक्षेत्रावर गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे तेलातली आम्लं वेगळी करून मोजणारं मशीन, चालवायचे. प्लॉटवरचे लोक आम्हा लॅबवाल्यांना "सुईवाले" म्हणायचे. दाण्यातलं तेल काढायचं, त्याचे मिथाइल एस्टर करायचे, सुईने मशीनला टोचायचे आणि कागदावर पाच शिखरं उमटायची वाट बघायची: पामिटिक, स्टिअरिक, ओलिक, लिनोलिक, लिनोलेनिक. नोकरीचा बराचसा काळ यातच गेला.

आधी सरळ उत्तर. वाण आहे. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेचा एनआरसी-१४७, त्याच्या तेलात ओलिक ४२ टक्क्यांच्या घरात. आपल्या नेहमीच्या सोयाबीन तेलात ओलिक २२ ते २५, लिनोलिक पन्नासच्या वर आणि लिनोलेनिक ७-८ टक्के. हे शेवटचं खरं दुखणं. ओलिकपेक्षा लिनोलिक दसपटीने लवकर खवट होतं, लिनोलेनिक वीसपटीहून जास्त. कढई तापली की येणारा तो मासळीसारखा वास त्याचाच. म्हणून तर पूर्वी हे तेल हायड्रोजन मारून घट्ट करायचे, आणि त्यातून ट्रान्स फॅट आलं. ते अमेरिकेने २०१५ साली असुरक्षित ठरवून २०१८ पासून बंद केलं; आपल्याकडेही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. तिकडच्या तेल कंपन्यांना आपणहून टिकणारं तेल हवं होतं आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी होती. तुमच्या चुलतभावाला दिसतंय ते त्याचं फळ.

आता, ४२ आणि अमेरिकेतले ७५-८० यात मोठा फरक आहे आणि तो कुठून येतो हे कळल्याशिवाय माझी पुढची भांडणं कळायची नाहीत. ओलिकचं लिनोलिक करणारं विकर म्हणजे फॅड-२. दाण्यात त्याची दोन जनुकं काम करतात, १ए आणि १बी. एक निकामी झालं तर ओलिक थोडं चढतं. दोन्ही निकामी झाली तर एकदम ८०. मिसूरी विद्यापीठ आणि अमेरिकेच्या कृषी विभागाच्या लोकांनी अशी एकेक निकामी प्रत असलेल्या ओळी शोधल्या, साधा संकर करून दोन्ही प्रती एका रोपात आणल्या आणि २०१० साली ते छापलं. त्यात जीएम (प्रयोगशाळेत जनुक घालणं) काही नाही. पायोनियरचं प्लेनिश जीएम आहे, कॅलिक्स्टचं २०१९ मध्ये बाजारात आलेलं तेल जनुक-संपादित सोयाबीनचं होतं. पण मिसूरीवाली वाट साध्या संकराची आहे, तिला जीएम लागत नाही. तेव्हा "जीएमला बंदी आहे म्हणून आपल्याकडे होत नाही" हेही कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मग तिकडची बॅग मागवून पेरावी का? नाही. आयोवा-मिसूरीचं सोयाबीन आपल्या अक्षांशावर आलं की इथले आखूड दिवस बघून महिन्याभरात फुलावर येतं. झाड गुडघ्याएवढंही होत नाही, शेंगा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. म्हणजे त्यातली ती दोन जनुकं काढून आपल्या वाणात घालायची. ऐकायला सोपं. सोयाबीनचं फूल मुळात स्वपरागी, उमलायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या कळीत चिमटा घालून, बीजांड न दुखावता, परपराग लावायचा. आमच्याकडे हे मावशी लोक करायचे, सकाळच्या वेळी, पाटाच्या कडेला पोतं टाकून बसून. डिग्रीवाल्यांच्या हातची फुलं बहुतेक गळायची, मावशींच्या हातची धरायची. त्यांचं नाव कुठल्याच अहवालात आलं नाही.

संकर धरला तरी दोन्ही जनुकं सुप्त, म्हणजे आई-बाप दोघांकडून आली तरच गुण दिसतो. दुसऱ्या पिढीत सोळात एक दाणा कामाचा. लिनोलेनिकही खाली आणायचं म्हणून आणखी दोन जनुकं धरली तर दोनशे छप्पन्नात एक. तो दाणा ओळखायचा कसा, तर डोळ्याच्या विरुद्ध बाजूने ब्लेडने कपची काढायची, कपची माझ्याकडे, उरलेला दाणा पेरायला. हे मला आजही जादूसारखं वाटतं: कपचीचं तेल कागदावर आणि त्याच दाण्याचं रोप कुंडीत. पण बॅकक्रॉस, म्हणजे पुन्हा पुन्हा आपल्याच वाणाशी संकर, करताना मधल्या पिढीत जनुक रोपात असूनही तेलात दिसत नाही. तिथे सुई आंधळी. तिथे एकतर दरवेळी एक पिढी जादा काढा किंवा पानाचा तुकडा घेऊन डीएनए मार्कर (जनुक आहे की नाही हे दाखवणारी चाचणी) लावा. दुसरा मार्ग नाही.

आता आमचे ब्रीडर (नवे वाण काढणारे) सर. नाव घेत नाही, माणूस हयात आहे आणि लग्नकार्यात भेटतो. सर जुन्या वळणाचे. रोपाच्या कुशीत हात घालून शेंगा चाचपायचे आणि एकरी उतारा सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचा. खोडमाशी, मोझॅक, शेंगा तडकणं, सगळं नजरेने ओळखायचे. मशीनवर त्यांचा विश्वास मात्र सोयीपुरता. आकडा आवडला तर "मॅडमच्या मशीनने सिद्ध केलंय", नाही आवडला तर "मॅडम, तुमच्या मशीनला पिकातलं काय कळतंय".

मार्करसाठी पैसे मागितले तेव्हा सर म्हणाले, कशाला, चांगली ओळ आपोआप दिसते. मग आम्ही पिढी वाचवायला जानेवारीत उन्हाळी प्लॉट लावायचो, जसा बियाण्यासाठी सगळेच लावतात. त्या वर्षी पेरणी लांबली, शेंगा भरायच्या ऐन वेळी एप्रिलचं ऊन. मे महिन्यात दाणे माझ्याकडे आले आणि खरिपात ओलिक पंचविशीत असलेली एक ओळ थेट अडतिसाच्या आसपास गेली.

सर लॅबमध्ये पेढे घेऊन आले. फरसाण बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात भेटीला येणार होती, आणि सरांची स्लाइड तयार होती: ओळीचा नंबर, शेजारी ३८, मोठ्या अक्षरात. खाली "विश्लेषण" म्हणून माझी सही हवी होती. मी विचारलं, चेक कुठाय? चेक म्हणजे तुलनेसाठी शेजारी लावलेला माहितीतला वाण, आमच्याकडे जेएस-३३५ असायचा. सर म्हणाले, चेकचं काय करायचंय, तो तर सगळ्यांना माहितीच आहे.

चेकच्या वाफ्याचा माल गोदामात रिकाम्या पोत्यांच्या मागे पडला होता. मुकादमाला घेऊन मी एक ओंजळ आणली आणि मशीनला टोचली. जेएस-३३५ सुद्धा दहा-बारा टक्क्यांनी चढलेला. चेक चढला याचा अर्थ वाण चढलेला नाही, पारा चढला. फॅड-२ विकर उन्हात टिकत नाही. दाणा भरताना तापमान जास्त असलं की ओलिकचं लिनोलिक कमी होतं, म्हणजे कुठल्याही साध्या सोयाबीनचं ओलिक वर जातं. यात माझा काही शोध नाही, तेल-आम्लांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. सरांनाही असणारच.

मी सही केली नाही. सरांनी पुष्कळ समजावलं. "मॅडम, आकडा खोटा आहे का?" नाही. "मशीनने काढलाय ना?" हो. "मग?" मी म्हटलं, सर, दोन रकाने छापा, ओळ आणि चेक, लगेच सही करते. त्यावर सर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रकरण व्यवस्थापकांकडे गेलं, त्यांनी खरिपाचा माल येईपर्यंत थांबू म्हटलं, आणि फरसाणवाली माणसं चहा घेऊन गेली.

खरिपाचा माल ऑक्टोबरात आला. तीच ओळ, तोच चेक. दोन्ही खाली. दोघांत फरक दीड-दोन टक्क्यांचा, जो एकाच वाफ्यातल्या दोन झाडांतही सापडतो. मार्चमध्ये तेलाच्या कामाचा निधी बंद झाला, मशीन दुसरीकडे गेलं आणि मला बियाणे उगवण तपासणीला बसवलं. तेव्हापासून सर भेटतील तिथे चारचौघांत म्हणतात, "या मॅडमनी माझा वाण मारला." हसून म्हणतात, पण म्हणतात. त्यांचं म्हणणं, उन्हात का होईना अडतीस आले ना, मग शेतकऱ्याने उन्हाळी सोयाबीन पेरावं, तेल आपोआप चांगलं. अहो सर, उन्हाळी सोयाबीन लोक बियाण्यासाठी लावतात, पाणी दिलेला एकेक दाणा बियाण्याच्या भावाने जातो. ते घाण्याला कोण घालणार?

मी वाण मारला नाही. वाण नव्हताच. दोन्ही जनुकं निकामी असलेल्या ओळीला ऊन-पाऊस फारसा हलवत नाही. आषाढात पेरा की माघात, ती सत्तरच्या वरच. तशी ओळ मिळवायला मार्कर लागत होते, आणि त्याचा खर्च त्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या जेवणाच्या बिलाच्या आसपास भागला असता.

असो. तुमचा भावाचा प्रश्न राहिला.

भाव मिळणार नाही. निदान बाजार समितीत तरी नाही. आडतीवर तुमच्या सोयाबीनचं काय बघतात? मॉइश्चर, माती-काडी, डागी दाणा. तेल किती हेसुद्धा कोणी बघत नाही, तेल कसं हे तर लांबच राहिलं. हमीभावावर एवढी रणधुमाळी झाली (२०२५-२६ साठी ५,३२८ रुपये), २०२४ च्या हंगामात केंद्राने ओलाव्याची अट १२ ची १५ टक्के केली, त्या सगळ्या चर्चेत तेलाच्या प्रतीचा शब्द नव्हता. कारण सॉल्व्हंट प्लांटवाल्याला क्विंटलमागे तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक डीओसी (तेल काढल्यावर उरलेली पेंड), जी कोंबडीखाद्याला जाते. त्याचा जीव डीओसीत. आणि ते १८ किलो तेलसुद्धा कांडल्याला उतरलेल्या अर्जेंटिना-ब्राझीलच्या तेलाशी एकाच भावात भांडतं.

वेगळा माल वेगळा ठेवायचा म्हटलं तर हिशेब बघा. ८० टक्के ओलिकच्या मालात २० टक्के साधं सोयाबीन मिसळलं की तेल ६८-६९ वर येतं. अमेरिकेत ओलिकचा आरोग्यदायी दावा पिशवीवर छापायला निदान ७० लागतं. म्हणजे पाच पोत्यांत एक पोतं दुसऱ्याचं गेलं की संपलं. आपल्याकडे एका टेम्पोत चार जणांचा माल येतो. तिकडे करार असतो, सायलो वेगळा, गिरणी ठरावीक दिवस फक्त तोच माल गाळते. आणि तरीसुद्धा तिकडे सगळं गोड नाही: कॅलिक्स्टचं जनुक अगदी बरोबर चाललं, कंपनी चालली नाही, २०२३ मध्ये सायबसमध्ये विलीन झाली.

याच्या उलट भुईमूग बघा. गिरनार-४ आणि गिरनार-५, दोन्ही भारतीय, ओलिक ८० च्या आसपास, तेच फॅड-२ चं प्रकरण. शेंगदाणा अख्खा खाल्ला जातो, खारवून पाकिटात जातो, महिनोन्महिने खवट होत नाही हे दुकानदाराच्या नाकाला कळतं. त्यामुळे विकत घेणाऱ्याला फरक दिसतो. सोयाबीनचा दाणा टाकीत गेला की तो कोणाचा हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: तेलाच्या प्रतीसाठी आपल्याकडे भुईमुगाने आधी पुढे जावं, सोयाबीनने गिऱ्हाईक सापडेपर्यंत थांबावं. एनआरसी-१२७, १३२, १४२ सारखे ट्रिप्सिन-रोधक (पचनात अडथळा आणणारा घटक) किंवा लॉक्स (उग्र वास आणणारं विकर) नसलेले वाण सोयादूध-पिठासाठी आहेत, त्यांना छोटे उद्योग थेट विचारतात. तुम्हाला वेगळंच काही करायचं असेल तर मी तिकडे बघेन.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं, नाहीतर टिप्पण्यांत लोक मला खातील. एक म्हणजे, मी लॅब सोडून बरीच वर्षं झाली, आताची मशीनं दाणा न कापता प्रकाशावर तेल मोजतात. दुसरं, लिनोलेनिक म्हणजेच ओमेगा-३. ते पार काढून टाकलेलं तेल तळायला उत्तम, पण घरात तेवढं एकच तेल असेल तर जवसाची चटणी सोडू नका. तिसरं, सरांविषयी मी जे लिहिलं त्यात त्यांची उताऱ्याची नजर धरायलाच हवी. ओलिक ८० आणि एकरी तीन क्विंटल असलं सोयाबीन कोणी पेरणार नाही. त्यांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं आणि त्यात ते शंभर टक्के बरोबर होते. तेलाच्या मागे लागलेले पुष्कळ लॅबवाले झाडाकडे बघतच नाहीत.

तरीही पेरून बघायचंच असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्राला विचारा की एनआरसी-१४७ तुमच्या विभागासाठी शिफारशीत आहे का. वाण विभागवार प्रसारित होतात, आणि बियाणं हाताला लागणं हीच पहिली अडचण असते. आणि कोणी खासगी माणूस "आमच्या बियाण्याचं ओलिक अमुक" म्हणत रिपोर्ट दाखवायला आला तर त्याला तीनच गोष्टी विचारा: माल खरिपाचा की उन्हाळी, शेजारच्या चेकचा आकडा किती, आणि फॅड-२ च्या दोन्ही प्रतींचा मार्कर रिपोर्ट कुठाय. चेकचा रकाना नसलेला कागद परत करा, मग खाली सही कोणाचीही असो. माझी नसेल एवढं नक्की.

पेरताना फार काळजी नको, सोयाबीन स्वपरागी आहे, बियाणे प्लॉटला तीन मीटर अंतर पुरतं. भेसळ शेतात होत नाही, मळणीत होते. हडंबा (मळणीयंत्र) तुमच्या बनमीला (गंजीला) लावण्याआधी रिकामा फिरवून घ्या आणि सुरुवातीचं अर्धं पोतं बाजूला काढा, त्यात शेजाऱ्याचं सोयाबीन असतं.